राजीनामे थांबले म्हणजे माणसं टिकली असं नाही

मंदी आली की एक आकडा हमखास सुधारतो. तो म्हणजे स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांचा. अमेरिकेत दर महिन्याला किती जणांनी आपणहून राजीनामा दिला याची सरकारी नोंद ठेवली जाते. २००९ साली, मंदीचा जोर असताना, हे प्रमाण महिन्याला सव्वा टक्क्याच्या आसपास उतरलं होतं. २०२१ च्या अखेरीस, मालक माणसांच्या शोधात वणवण करत होते तेव्हा, तेच ३ टक्क्यांवर गेलं. बारा वर्षांत माणसाचा स्वभाव काही बदलला नव्हता. एकदा बाहेरचं दार बंद होतं आणि एकदा उघडं होतं, एवढंच.

तरीही मंदीच्या काळात आढावा बैठकीत हा घसरलेला आकडा पडद्यावर आला की समाधानाचा सुस्कारा ऐकू येतो. ‘कठीण काळातही आपली माणसं आपल्याबरोबर आहेत,’ असं कोणीतरी म्हणतं. ही समजूत पुढे फार महागात पडते. माणूस रोज वेळेवर येतो, मेलला उत्तरं देतो, मीटिंगमध्ये मान डोलावतो, आणि मनाने तो तीन महिन्यांपूर्वीच निघून गेलेला असतो. बाजार सावरला की शरीरही जातं.

म्हणून मंदीत माणसांना ‘टिकवायचं’ कसं यापेक्षा त्यांचं मन कामात राहील कसं, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इंग्रजीतून आलेला ‘एम्प्लॉई एंगेजमेंट’ हा शब्द ऑफिसात इतका वापरला जातो की त्याचा अर्थच पुसट झाला आहे. कुणाला वाटतं म्हणजे वाढदिवसाचा केक, कुणाला वाटतं म्हणजे वर्षातून एकदा भरायचा सर्व्हे. खरं तर आपल्या भाषेत या गोष्टीची दोन्ही टोकं सांगणारे शब्द आधीपासून आहेत. एक टोक म्हणजे जीव ओतून काम करणं आणि दुसरं म्हणजे पाट्या टाकणं. पाट्या टाकणारा माणूस आळशी असतोच असं नाही. तो सांगितलेलं सगळं करतो, फक्त त्या कामात तो स्वतः नसतो.

या विषयाचा पहिला नीट अभ्यास विल्यम कान या संशोधकाने केला. १९९० साली त्याचा निबंध आला. मुलांच्या उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका आर्किटेक्ट फर्ममधले कर्मचारी अशा दोन अगदी वेगळ्या ठिकाणी त्याने निरीक्षण केलं. माणूस कामात स्वतःला कधी झोकून देतो आणि कधी आखडून घेतो, हे त्याला बघायचं होतं. त्याला तीन गोष्टी दिसल्या. या कामाला काही अर्थ आहे असं वाटायला हवं. इथे मनातलं बोललो तर आपल्यावर शेकणार नाही, अशी खात्री हवी. आणि कामात घालायला अंगात आणि मनात काही शिल्लक असायला हवं.

मंदी या तिन्हींवर घाव घालते. वर्षभर ज्या प्रोजेक्टवर रात्री जागवल्या तो एका मेलने गुंडाळला जातो, आणि अर्थ संपतो. ‘हे चुकतंय’ म्हणणारा पुढच्या यादीत जाईल या भीतीने तोंडाला कुलूप लागतं. तिसऱ्या गोष्टीबद्दल फार कमी बोललं जातं, पण मला ती सर्वांत मोठी वाटते. घराचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांची औषधं आणि नोकरी गेली तर बचत किती महिने पुरेल, हा हिशेब डोक्यात सतत चालू असतो. समोर एक्सेलची शीट उघडी असते आणि मनात दुसरीच शीट. अशा माणसाला ‘जरा फोकस करा’ सांगून उपयोग होत नाही. त्याच्या मनावरचा भार हलका करावा लागतो, आणि तो भार बऱ्याचदा वाईट बातमीपेक्षा बातमी नसण्याचा असतो.

हे नुसतं म्हणायला नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसायचे आणि दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा छोटा पण दुखेल असा झटका. साप निघण्याची शक्यता संशोधक बदलत राहायचे. घाम आणि डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार मोजून ताण किती ते बघितलं गेलं. झटका बसणारच अशी खात्री होती तेव्हा ताण कमी होता. बसेल की नाही हे अगदी निम्मं-निम्मं होतं, तेव्हा तो सर्वांत जास्त होता. बसणारा झटका माणूस सोसतो, पण बसेल की नाही या विचाराने तो पोखरून निघतो.

मंदीतल्या ऑफिसात हा खेळ महिनोन्‌महिने चालतो.

मी एका कंपनीत टीम सांभाळत होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मोठ्या मीटिंग रूमच्या काचेवर आतून पांढरे कागद चिकटवलेले दिसले. एरवी त्या काचेतून सगळं दिसायचं. पाणी प्यायला जायची वाट त्याच खोलीवरून होती. त्या दिवशी माझ्या टीममधले अकरा जण किती वेळा पाणी प्यायला गेले याला गणती नव्हती. संध्याकाळपर्यंत तोंडी तीन याद्या फिरत होत्या आणि प्रत्येकीत नावं वेगळी. निर्णय यायला पाच आठवडे लागले. त्यात आमच्या विभागातल्या कुणालाही धक्का लागला नाही. पण तोवर ज्यांच्यावर सगळी मदार होती असे दोघं बाहेर मुलाखती देऊन आले होते, आणि त्यातला एक गेला. मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला तर म्हणाला, “मॅडम, पाच आठवडे घरी काय सांगायचं तेच कळत नव्हतं.”

मला थोडंफार माहीत होतं. ‘कुणाशी काही बोलू नका’ अशी सूचना होती आणि ती मी पाळली. आमच्या विभागाचं काय होणार ते सांगणं माझ्या हातात नव्हतं, पण निर्णय कधीपर्यंत येईल हे वर विचारून टीमला सांगणं माझ्या हातात होतं. ते मी केलं नाही, याची टोचणी आजही आहे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, या हिशेबाने वरचे लोक गप्प राहतात. सगळं ठरल्याशिवाय बोललो तर घबराट पसरेल असं त्यांना वाटतं. पण ऑफिसात मूठ झाकलेली राहत नाही. कोणाची मीटिंग रद्द झाली, कोणत्या जागेसाठीची भरती थांबली, कोणता मॅनेजर अचानक गोड बोलायला लागला, हे सगळं लोक वाचत असतात. अधिकृत माणूस गप्प राहिला की ती जागा अफवा भरून काढतात, आणि अफवा नेहमी वास्तवाहून एक पाऊल पुढे असते.

यावर उपाय साधा आहे, पण तो करायला धीर लागतो. टीमसमोर उभं राहून तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगायच्या. आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते कधीपर्यंत कळेल. उदाहरणार्थ असं: “नव्या ऑर्डर गेल्या वर्षीपेक्षा बऱ्याच कमी आहेत. यंदा इन्क्रिमेंट नाही, हे नक्की. माणसं कमी होतील का, ते अजून ठरलेलं नाही. पंधरा तारखेला वरची बैठक आहे. सोळाला सकाळी मी इथेच तुमच्याशी बोलेन. काही ठरलं नसलं तरी बोलेन.” शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. त्यामुळे माणसाला सोळा तारखेपर्यंत तरी रोज भिंतीला कान लावून बसावं लागत नाही. आणि सोळाला तुम्ही खरोखर उभे राहिलात, सांगायला काही नसतानाही, तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला वजन येतं. ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ हे वाक्य मात्र टाळावं. तसं होणार आहे हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

आता पैशाकडे वळू, कारण मंदीत खर्च कापावा लागतोच. माणसं कमी करायची की सगळ्यांचा पगार थोडा कमी करायचा? बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की दुसरा मार्ग अधिक माणुसकीचा, मग तो इतका क्वचित का दिसतो? येल विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ ट्रुमन ब्युली यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत हाच प्रश्न घेऊन अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या तीनशेहून अधिक मालक, मॅनेजर, कामगार नेते आणि सल्लागारांच्या मुलाखती घेतल्या. मालकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: पगार कापला की सगळेच दुखावले जातात आणि ते दुखणं रोज ऑफिसात येऊन बसतं. कामावरून काढलेला माणूस मात्र आपलं दुःख घेऊन दाराबाहेर जातो.

हिशेब निष्ठुर आहे आणि माझ्या मते अर्धवटही. काढलेल्यांचं दुःख बाहेर जातं हे खरं, पण उरलेल्यांचं आतच राहतं. कालपर्यंत शेजारी बसणाऱ्याची रिकामी खुर्ची रोज समोर असते. आपण वाचलो याची सुटका, त्याची लाज, आणि पुढचा नंबर आपला तर नाही ही धास्ती, तिन्ही एकाच वेळी मनात असतात. चार्ली ट्रेव्हर आणि अँथनी नायबर्ग या संशोधकांनी २००८ साली मांडलेला निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. अवघी १ टक्का माणसं कमी केली तरी त्यानंतर स्वतःहून सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ३१ टक्क्यांनी वाढलेलं त्यांना दिसलं. आणि आधी कोण जातं? ज्याला बाहेर मागणी आहे तो. म्हणजे नको असलेला भार उतरवायला जावं आणि हवी असलेली माणसंच गमवावीत.

मग पगारकपात चालते का? चालते, पण ती कशी सांगितली यावर सगळं अवलंबून असतं. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा जेराल्ड ग्रीनबर्ग यांच्या १९९० च्या अभ्यासात आहे, आणि तो थोडा तपशिलात सांगण्यासारखा आहे. एका कंपनीचे तीन कारखाने होते. मोठी कंत्राटं हातची गेल्याने दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली. तिसऱ्यात काहीच बदल नव्हता, तो तुलनेसाठी. पहिल्या कारखान्यात कंपनीचा प्रमुख स्वतः आला आणि बैठक सुमारे दीड तास चालली. कपात का, किती दिवस, तिच्यामुळे नोकऱ्या कशा वाचतात, हे त्याने तक्ते दाखवून सांगितलं. खेद व्यक्त केला आणि प्रश्नांना उत्तरं देत बसला. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत निर्णय वाचून दाखवला आणि बैठक संपली.

पुढचे दहा आठवडे कारखान्यातून किती हत्यारं आणि साहित्य गायब होतंय, याची मोजणी झाली. चोरी दोन्ही ठिकाणी वाढली, पण पंधरा मिनिटांच्या कारखान्यात ती कितीतरी जास्त वाढली. राजीनामेही तिथेच जास्त झाले. पगार पूर्ववत झाला तशी चोरीही खाली आली. दोन्हीकडे कापलेला पैसा तोच होता. सव्वा तासाच्या फरकाने एका ठिकाणी माणसांना वाटलं की संकट आपल्या सगळ्यांवर आलंय, आणि दुसऱ्या ठिकाणी वाटलं की आपल्याला लुबाडलं. पाट्या टाकणं हेही एका अर्थी याच जातीचं आहे. हत्यार खिशात घालता येत नाही तिथे माणूस आपलं मन परत घेतो.

कपातीची सुरुवात वरून झाली पाहिजे, हे यात आलंच. खालच्यांचे भत्ते बंद आणि वरच्यांचा बोनस चालू, असं एकदा जरी उघड झालं तरी पुढची पाच वर्षं कोणी काही ऐकून घेत नाही. २००९ च्या मंदीत बॅरी-वेमिलर या अमेरिकन यंत्रनिर्मिती कंपनीच्या ऑर्डर धडाधड कोसळल्या. तिचे प्रमुख बॉब चॅपमन यांनी कुणालाही काढलं नाही. सगळ्यांनी चार आठवडे बिनपगारी रजा घ्यायची, कधी घ्यायची ते आपापलं ठरवायचं, असा निर्णय झाला. स्वतःचा पगार त्यांनी नाममात्र केला. मग जे झालं ते कोणत्याही परिपत्रकात नव्हतं. ज्यांना झेपत होतं त्यांनी, ज्यांना झेपत नव्हतं अशा सहकाऱ्यांच्या वाटणीचे आठवडे आपल्या अंगावर घेतले. निवृत्तिनिधीत कंपनी घालत असलेली रक्कमही तेव्हा थांबवली होती. दिवस सुधारल्यावर ती मागच्या थकबाकीसह भरली.

काही देशांनी हीच कल्पना सरकारी पातळीवर राबवली आहे. जर्मनीत तिला ‘कुर्त्सआर्बाइट’ म्हणतात, म्हणजे कमी तासांचं काम. कंपनी माणूस काढत नाही, त्याचे तास कमी करते, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के भाग सरकारी विम्यातून मिळतो, मूल असेल तर ६७ टक्के. २००९ साली तिथे उत्पादन चांगलंच आपटलं, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही. अशी योजना असलेल्या देशात कंपनीने आधी तिकडे बघावं. ती नसली तरी तास वाटून घेण्याचा विचार कोणालाही करता येतो.

माणसं कमी करणं टळलंच नाही, तर नंतरचा काळ नीट हाताळावा लागतो. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे गेलेल्यांचं सगळं काम उरलेल्यांच्या डोक्यावर टाकणं. इन्क्रिमेंट नाही, शेजारची खुर्ची रिकामी आणि त्यात दीडपट काम, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. माझा अनुभव सांगते, कोणती कामं आता करायची नाहीत याची यादी मॅनेजरने स्वतः लिहून सही करून द्यावी. कोणी न वाचणारा साप्ताहिक रिपोर्ट, तीच माहिती तीन ठिकाणी भरणं, सवयीने चालणाऱ्या मीटिंगा यांना कात्री लावावी. ‘जमेल तेवढं बघा’ म्हटलं की भीतीपोटी सगळे सगळंच करत राहतात आणि आतून संपतात. ‘हे बंद, जबाबदारी माझी’ असं कोणीतरी म्हणावं लागतं.

उरलेल्या कामात अर्थ कुठून आणायचा? हार्वर्डच्या टेरेसा अमाबिले यांनी २३८ जणांकडून रोजच्या कामाची डायरी लिहून घेतली. जवळजवळ १२,००० नोंदी जमल्या. माणसाचा दिवस चांगला गेला असं त्याला कधी वाटतं, हे त्यात शोधलं. उत्तर निघालं ते असं: ज्याला आपण महत्त्व देतो अशा कामात थोडी का होईना, प्रगती झाली की. मंदीत वर्षाचं टार्गेट बहुधा हातून निसटलेलंच असतं. रोज त्याच्याकडे बोट दाखवलं की माणूस रोज हरतो. त्याऐवजी दोन आठवड्यांत पुरं होईल आणि पुरं झालेलं दिसेल, असं काम समोर ठेवावं. रखडलेली तक्रार मार्गी लावणं, जुन्या सिस्टिममधला एक त्रास कायमचा काढून टाकणं, मागणी नसल्याने मिळालेल्या मोकळ्या वेळात एखादं यंत्र चालवायला शिकणं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत लिंकन इलेक्ट्रिक या वेल्डिंग यंत्रांच्या कंपनीने कारखान्यातल्या कामगारांना घरी बसवलं नाही. त्यांच्यातले काही जण प्रशिक्षण घेऊन विक्रीला बाहेर पडले आणि आपणच बनवलेली यंत्रं विकून ऑर्डर घेऊन आले. आपण ओझं नाही, उपयोगाचे आहोत, हे त्या माणसांना कुणी पटवून द्यावं लागलं नसणार.

काही गोष्टी मात्र करू नयेत. कपातीच्या आठवड्यात मौजमजेचा कार्यक्रम ठेवू नये. जखमेवर रंगीत पट्टी बांधण्यासारखं ते दिसतं. ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे काल म्हटलं असेल तर आज माणूस काढताना ते सगळ्यांना आठवतं. घरातल्या माणसाला कुणी नोटीस पीरियड देत नाही. आणि ‘बाहेर बघा, रांग लागली आहे’ ही धमकी तर कधीच देऊ नये. तिने माणूस धावपळ करताना दिसेल, उशिरापर्यंत बसेलही, पण चूक झाली की लपवेल. भीतीने केलेली धावपळ आणि जीव ओतून केलेलं काम लांबून सारखंच दिसतं. ओळखायची एक खूण आहे. तुमच्या टीममधून शेवटची वाईट बातमी तुम्हाला कधी आणि कोणाकडून कळली ते आठवा. महिनाभर सगळं ‘ठीक आहे’ असं ऐकू येत असेल तर मन दाराशी पोचलेलं आहे.

या सगळ्यात एका माणसाकडे कुणाचंच लक्ष नसतं. तो म्हणजे मधला मॅनेजर. गॅलप या संस्थेच्या मते एका टीमचं मन कामात किती आहे आणि दुसरीचं किती, यातल्या फरकाचा ७० टक्के भाग मॅनेजरवर ठरतो. त्याच संस्थेच्या पाहणीत २०२३ ते २०२४ या एका वर्षात मन लावून काम करणाऱ्या मॅनेजरांचं जगभरातलं प्रमाण ३० वरून २७ टक्क्यांवर आलं. साहजिकच आहे. वरून निर्णय येतो, तो त्याने घेतलेला नसतो, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायचा त्यालाच असतो. स्वतःची नोकरी राहील का हे त्यालाही माहीत नसतं. निर्णय लोकांना सांगायच्या आदल्या दिवशी तरी त्याला सांगा. त्याचे प्रश्न त्याला आधी विचारू द्या, रागही काढू द्या. त्याचं समाधान झालं नसेल तर टीमसमोर उभा राहून तो फक्त कागद वाचेल, आणि ती पंधरा मिनिटांचीच बैठक होईल.

मंदी उतरायला लागते तेव्हा बहुतेक कंपन्या नव्या भरतीच्या जाहिराती लिहायला घेतात. त्याआधी एक जुनी फाइल उघडावी. कठीण काळात कुणाचं काय थांबवलं होतं, कुणाला काय शब्द दिला होता, कुणी दोन माणसांचं काम एकट्याने ओढलं होतं, ते सगळं तिच्यात असतं. पगार पूर्ववत करायची तारीख सांगितली होती का? सांगितली असेल तर ती पाळावी. पाळता येत नसेल तर ती तारीख उलटायच्या आधी, पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उभं राहून, का ते सांगावं.